बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना

माझे वडील मस्कतला आले ते मला आणि माझ्या मुलीला घेऊन जायला. तसं तोंडानं बोलले नाहीत. "बाग खुडून झाली, छाटणीचं तुझा भाऊ बघतोय, म्हटलं नातीला भेटून यावं," एवढंच म्हणाले. पण सोबत दोन मोठ्या बॅगा आणल्या होत्या, एकात एक घातलेल्या, रिकाम्या. आता एवढंही कळू नये इतकी काही मी भोळी नाही.

झालं होतं असं. माझा नवरा समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात वेटर होता. आम्ही मस्कतच्या वादी कबीर भागात दोन खोल्यांत राहायचो, मुलगी जवळच्या शाळेत दुसरीत. त्या वर्षी हॉटेलात नवा मॅनेजर आला आणि आल्या आल्या त्यानं फतवा काढला: फॅमिली स्टेटस, म्हणजे कुटुंब सोबत ठेवायची सोय, यापुढं कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, आणि त्याच्या वरच्यांनाच. बाकीच्यांनी बायकापोरं घरी पाठवायची आणि स्टाफच्या खोलीत तिघांत चौथं होऊन राहायचं. कॅप्टन व्हायचं तर वाइनची परीक्षा द्यायची. विषय फ्रान्सचा एकच प्रांत, बोर्दो. परीक्षा शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या जरा आधी. नवरा पास झाला तर तिसरीची पुस्तकं आणायची, नापास झाला तर आमची तिकिटं काढायची. मधला रस्ता नव्हता.

आता वडिलांचं, म्हणजे आबांचं. आमची निफाडकडं द्राक्षबाग. खायच्या द्राक्षांची हं, वाइनच्या नाही. आबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही आणि जावई मिळाला तो दारू वाढणारा! लग्न मी माझ्या मनानं केलेलं. आबांनी ते लावून दिलं, जेवणं घातली, पण जावयाशी सरळ बोलणं म्हणून नाही. गावात कुणी विचारलं तर "हॉटेलात मोठा साहेब आहे" असं सांगायचे आणि विषय कांद्याच्या भावावर न्यायचे. नवऱ्याला समोर बसवूनसुद्धा माझ्याकडं बघून म्हणायचे, "त्यांना विचार, चहा घेणार का." नवराही वस्ताद. "आबांना सांग, घेईन." मी काय टपाल खातं आहे? पण कुरकुर न करता इकडचं तिकडं करत राहिले.

नवरा सकाळी ड्यूटीला जायच्या आधी आणि दुपारी मधल्या सुट्टीत घरी येऊन मोठ्यानं पाठ करत बसायचा. पोरगा मुंबईचा, गिरगावात वाढलेला. वेल म्हणजे त्याला गॅलरीतलं मनीप्लँट माहीत. चेहरा असा करायचा, जसं कुणी त्याला चिनी शिकवतंय. बोर्दो, बोर्दो, बोर्दो. नदीच्या डाव्या तीराला बोर्दो, उजव्या तीराला बोर्दो.

आबा पेपर वाचत होते. पेपर खाली केला.

"काय म्हणतायत गं ते? बोर्डो?"

"हो आबा. गावाचं नाव आहे."

"गाव?" आबा हसायलाच लागले. "अगं, बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना! उभं आयुष्य फवारतोय मी. त्यांना सांग, औषधाचं नाव आहे ते."

आमच्याकडं कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा, बोर्डो म्हणजे निळं औषध. पावसाळ्यात पानांवर मारायचं, छाटणीनंतर खोडाला फासायचं. लहानपणी माझ्या शाळेच्या फ्रॉकवरही त्याचे डाग असायचे. ते एका गावाचं नाव आहे हे आबांनाच काय, मलाही ठाऊक नव्हतं.

नवऱ्यानं पुस्तक उलटंपालटं केलं आणि सापडलं त्याला. तिथले लोक म्हणे रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे, येणाऱ्याजाणाऱ्यानं द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की निळ्या वेलींवर डाऊनी नावाचा पानांचा रोग येतच नाही. तेच औषध जगभर गेलं, गावाचं नाव लावून.

आबा पार हरखले. "चोरांसाठी मारत होते? आणि डाऊनी गेला? वा रे पठ्ठे!" मग जरा वेळानं, अगदी काळजीनं, "त्यांना विचार, तिकडं डाऊनी फार येतो का."

"आबांना सांग, समुद्र जवळ आहे. हवा दमट, पाऊस कधीही."

"मग हाल आहेत बिचाऱ्यांचे," आबा म्हणाले. त्या दिवसापासून बोर्दोचे लोक त्यांचे भाऊबंद झाले.

भाऊबंद झाले म्हणून पटायला लागले असं मात्र नाही. नवरा वाचायचा आणि आबा हाणून पाडायचे. तिथं वेलींना सहसा पाणीच देत नाहीत म्हटल्यावर आबा म्हणाले, "अडाणी आहेत. पाण्याशिवाय मणी फुगेल कसा?" जमीन कसली, तर नदीची खडी आणि गोटे. "त्यात तर कुसळसुद्धा येणार नाही. काळी माती पाहिजे." मणी बारीक आणि जाड सालीचे. "असला माल आमच्याकडं व्यापारी तोंडावर मारेल." अल मवालेहच्या मोठ्या बाजारात आम्ही भाजीला गेलो तेव्हा आमच्याकडचीच द्राक्षं पेट्यांच्या थप्पीत दिसली. आबांनी एक घड हातात धरून नवऱ्यापुढं नाचवला आणि मला म्हणाले, "त्यांना दाखव, याला म्हणतात द्राक्ष." विकणारा केरळचा, तो भाव सांगायला लागला. आबांनी त्याला गप्प केलं.

पण खरी आग लागली ती गोड वाइनवरून. त्या प्रांतात एका कोपऱ्यात थंड पाण्याची छोटी नदी मोठ्या नदीला मिळते, शरदात सकाळचं धुकं धरतं, आणि त्या धुक्यात मण्यांवर बुरशी चढते. ती ते मुद्दाम चढू देतात. मणी सुकतात, आतली साखर दाट होते, मग एकेक मणी बघून खुडतात. ती वाइन सगळ्यात भारी.

"बुरशी? मुद्दाम?" आबा उभेच राहिले. "अरे, ती येऊ नये म्हणून आम्ही रक्ताचं पाणी करतो! आणि हे धुक्याची वाट बघत बसतात? येडे आहेत का?"

नवऱ्याच्या डोक्यात त्याच वेळी कल्पना आली. स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाला, "सुटलो गं! आबा जे म्हणतील त्याच्या उलटं लिहायचं, की झालं बोर्दो." आणि खरंच, पाठांतरानं जे डोक्यात शिरत नव्हतं ते आबांच्या शिव्यांनी शिरलं. आबा म्हणाले पाणी, की बोर्दोत पाणी नाही. आबा म्हणाले काळी माती, की तिकडं खडी. चेहऱ्यावर तेज आलं नवऱ्याच्या. मलाही हायसं वाटलं. म्हटलं, चला, राहतो आपण इथं.

पण त्यात एक गोम निघाली.

परीक्षेच्या आधी हॉटेलात सराव परीक्षा झाली. नवरा घरी आला तो बूट न काढता आत. "खलास! सगळं खलास!" सोपा प्रश्न होता. तिथल्या द्राक्षांच्या दोन मुख्य जातींपैकी कॅबरनेट आधी पिकतं की मर्लो, कुठलं कुठल्या तीराला. त्यानं नेमकं उलटं लिहिलं. नुसतं तेच नाही, आणखी चार ठिकाणी तसंच. मॅनेजरनं सगळ्यांदेखत सांगितलं की खऱ्या परीक्षेत हे असंच असेल तर बायकोला बॅगा भरायला सांग.

"अरे पण तुला येत होतं ना हे?" मी ओरडले. आबांसमोर मी नवऱ्याला अहोजाहो करायचे, त्या दिवशी तेही सुटलं.

"आबा म्हणाले होते मर्लो आधी पिकतं! म्हणून मी कॅबरनेट लिहिलं!"

आबा दारात उभे. "मी बरोबरच सांगितलं होतं."

"तेच ना! तुम्ही बरोबर कधीपासून सांगायला लागलात?" नवरा गरकन वळला. "आबा, तुम्ही मला आधी सांगायला नको?"

"मला काय स्वप्न पडलं होतं, तुम्ही माझं उलटं करून लिहिताय ते?" आबांचा आवाज चढला. "म्हणजे मी चुकतो असं धरून तुमचा अभ्यास चालला होता! आणि इथं मी दुपारदुपार नातीकडून ते पुस्तक वाचून घेतोय, माझ्यामुळं तुमच्या डोक्यात काही भलतं जाऊ नये म्हणून!"

तेव्हा मला कळलं की नवरा परत ड्यूटीला गेल्यावर मी दुपारी पडायची तेव्हा आतल्या खोलीत आजा-नातीचं काय चालायचं. माझ्या लेकीचं मराठी म्हणजे आनंदच. "आबा, दिस ग्रेप लवकर होतो. दॅट वन लेट होतो. मग रेन येतो, तो खराब." आणि आबा त्यावरून सगळं नीट जुळवायचे.

दोघंही तोंडाला येईल ते बोलत होते आणि मी मध्ये उभी होते, आणि मला कुणीही "त्यांना सांग" म्हणत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते. भांडत होते, पण बोलत होते. मला रडावं की हसावं ते कळेना.

आबा चपला घालून खाली निघून गेले. आमच्या इमारतीमागं वादी होती, म्हणजे पावसाळी नदीचं पात्र, कोरडं, नुसते गोटे. जरा वेळानं नवराही उतरला. मी गॅलरीतून बघत होते. ऊन नुकतंच गेलं होतं. आबा उकिडवे बसले होते आणि त्यांनी दगडांवर तळहात ठेवला होता. नवरा त्यांच्या शेजारी बसला. आबांनी त्याचा हात धरला आणि दगडावर ठेवला. खाली काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. वर आल्यावर नवरा म्हणाला, "दगड अजून गरम आहेत गं. म्हणून उशिरा पिकणारं कॅबरनेट खडीत लावतात. गोटे दिवसभर तापतात आणि ऊन गेल्यावर वेलीला ऊब देतात. पुस्तकात वाचलं होतं, पण हे आत्ता कळलं."

आबा म्हणाले, "मलाही आत्ताच कळलं."

नंतरचे दिवस घरात नुसती शाळा. दारू घरात आणायला परवाना लागतो, आणि परवाना असता तरी आबा असताना मी बाटली उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती. मग कोरा चहा काळाकुट्ट उकळून तुरटपणा ओळखायचा, लिंबू पाण्यात कमीजास्त पिळून आंबटपणा, मधाच्या पाण्यानं गोडी. तिघं ओळीनं बसून तोंडं वेडीवाकडी करायचे, आबा, नवरा आणि लेक. सोबत आबांचे प्रश्न. एक त्यांना सुटत नव्हता: चांगली द्राक्षं वेगवेगळी असताना एकाच वाइनमध्ये तीन जाती मिसळायच्या कशाला? नवऱ्यानं वाचून दाखवलं. मर्लोला फुलोऱ्यात पाऊस लागला तर गळ होते, कॅबरनेटला पिकताना पाऊस गाठतो. एका वर्षी दोन्हींचं वाटोळं सहसा होत नाही.

आबांनी हातातला लिंबूपाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे समुद्राच्या भरवशावर राहणाऱ्यानं सगळं एकाच वेलीवर टांगू नये. बरोबर आहे त्यांचं." बोर्दोवाल्यांना त्यांनी बरोबर म्हणायची ती पहिलीच वेळ.

परीक्षेत तोच प्रश्न आला, तोंडी. प्रशिक्षक बाई बाहेरून आल्या होत्या. नवऱ्यानं आबांचं उत्तर इंग्रजीत करून दिलं. गोड वाइनचा ग्लास पुढं आला तेव्हा त्यानं बुरशी, धुकं, दोन नद्या, सगळं न अडखळता सांगितलं. बाईंनी विचारलं, हे कुठं शिकलास? हा म्हणाला, माझे सासरे द्राक्षात आहेत.

पास झाला! परीक्षेहून येताना गाडीतूनच त्यानं फोन केला आणि मी ओरडूनच घरात सांगितलं. लेक नाचायला लागली. आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, "छान झालं. आता तिसरीची पुस्तकं आणा." आणि जेवायला बसले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ते परत गेले त्या दिवशी विमानतळावर त्यांनी जावयाला मिठी मारली. मोठ्या बॅगांत आम्ही खजूर, नातेवाइकांना अत्तराच्या बाटल्या आणि कायबाय भरून दिलं होतं. मी खुशीत होते. खरं सांगते, इतकी खुशीत की आबांच्या तोंडाकडं मी नीट बघितलंच नाही.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. गुडघ्यांमुळं ती येऊ शकली नव्हती. इकडचं तिकडचं झालं आणि सहज बोलून गेली, "आता त्या खोलीचं काय करायचं कुणास ठाऊक." कुठल्या खोलीचं? तेव्हा तिनं सांगितलं. मस्कतला निघायच्या आधी आबांनी माडीवरची खोली आमच्यासाठी रंगवून घेतली होती. नातीला टेबल करून घेतलं होतं. तालुक्याच्या शाळेत शब्द टाकून ठेवला होता आणि शाळेची बस आमच्या फाटकाशी थांबेल का, हेही विचारून आले होते. हे सगळं करून मग ते आले, आणि आल्यावर जावयाला पास करायला बसले. म्हणजे आम्ही त्यांना हव्याच होतो. अगदी रोज, सकाळ-संध्याकाळ, डोळ्यांसमोर हव्या होतो. आणि तरी दुपारदुपार बसून ते नातीकडून मर्लो शिकत होते.

मी आईला आबांकडं फोन द्यायला सांगितलं.

"आबा, माडी रंगवली होती?"

"हं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय करायचं? तुझं तिथं जमलं ना," ते म्हणाले. मग, "पिवळा दिलाय. बरा दिसतो. रंगाचा वास अजून गेला नाही, म्हणून मी रोज सकाळी वर जाऊन खिडक्या उघडतो."