थोरल्या मावशीने दिलेली चौकट

आमच्या थोरल्या मावशीला अडलेल्याला 'नाही' म्हणणं कधी जमलंच नाही. जन्मभर तिने परसात मधमाश्या पाळल्या. कुणाची पेटी अशक्त झाली, की आपल्या भरल्या पेटीतली पिल्लांनी भरलेल्या पोळ्याची एक चौकट उचलून ती तिथे नेऊन बसवायची. पिल्लांच्या माश्या झाल्या की ती पेटी सावरायची. मध मागितला तर मात्र बाईंचा हात आखडता!

धाकट्या मावशीच्या पेट्या मरगळल्या, तेव्हाही ती अशीच धावली. पण थोड्याच दिवसांत तिथे चुरगळलेल्या पंखांच्या माश्या दाराशी सरपटू लागल्या आणि एकेक पेटी रिकामी झाली. धाकटीने खापर फोडलं नवऱ्यावर, कारण काकांनी गुलाबांवर औषध फवारलं होतं.

"तुमच्या गुलाबांनी माझ्या माश्या खाल्ल्या," ती उठता-बसता म्हणायची.

"चुकलंच गं माझं," काका म्हणायचे. त्यांनी गुलाब मुळासकट उपटून टाकले, तरी तिचा राग निवळला नाही.

थोरलीला राहवेना. तिने दोन्ही घरच्या माश्या प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "औषधाचा अंशही नाही यांच्यात. हा विषाणू आहे. नाव एकच, पण जनुकं तपासली की त्याचे वेगवेगळे वाण निघतात. बहिणीच्या मेलेल्या माश्यांत जो वाण आहे, तोच तुमच्या पेट्यांत आहे. तुमच्या माश्या तो सोसतात, त्यांच्या नाही सोसू शकल्या. तुमच्याकडून काही गेलं होतं का तिकडे?"

"चौकट," मावशी म्हणाली.

करायला गेली एक आणि झालं भलतंच, यात तिचा काय दोष? माझा राग आहे तो ती पुढे जे वागली त्यावर. माश्या द्यायला जी पायात चपला न घालता धावायची, तिला हे चार शब्द पोचवायला पाय उचलेना. आज जाते, उद्या जाते, असं चाललं होतं. त्याच हिवाळ्यात काका झोपेतच गेले.

आम्ही भेटायला गेलो, तेव्हा धाकटी तिच्या गळ्यात पडली. "ताई, शेवटपर्यंत माफी मागत होते गं. मी एकदाही 'असू दे' म्हटलं नाही."

थोरली कितीतरी वेळ तिची पाठ थोपटत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी काही केलं नव्हतं गं. माझ्यामुळे झालं ते."

धाकटीने पदराने डोळे पुसले. "तू अशीच," ती म्हणाली. "दुसऱ्याचं ओझं नेहमी आपल्या डोक्यावर घेतेस."