चष्मा नाकावर होता

शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापिकाबाईंनी कागद पुढे सरकवला आणि मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "अरेरे, चष्मा घरी राहिला."

चष्मा नाकावर होता.

क्लार्क म्हणाला, "काका, मग हा शेजाऱ्यांचा का?" ऑफिस हसलं. रांगेतले दोन पालक हसले. मीही हसलो, सवय आहे. त्या हसण्याच्या भरात बाईंनी बोट ठेवलं तिथं सही ठोकली. सही माझी झकास आहे. लिहिण्यातलं तेवढंच येतं, म्हणून घोटून घोटून झकास केलीय.

शेजारी माझी आठवीतली मुलगी उभी होती. ती हसली नाही.

तिला डिस्लेक्सिया आहे. तपासणी झाली, दाखला मिळाला. मलाही तोच असणार. पण आमच्या शाळेत त्याला एकच अक्षर पुरायचं. ढ.

आमच्याकडे रोज फळ्यावर सुविचार असायचा. ज्याचा नंबर येईल त्यानं प्रार्थनेनंतर तो मोठ्यानं वाचायचा. माझा नंबर आला, की मी लवकर जायचो, मॉनिटरकडून सुविचार दोनदा ऐकून पाठ करायचो आणि फळ्याकडे बघत म्हणायचो. एकदा सरांनी प्रार्थना चालू असताना तो पुसून दुसराच लिहिला. मी जुनाच म्हटला. ठसक्यात. नजर फळ्यावर.

सगळं मैदान हसलं. सर म्हणाले, "मंडईत पोती उचल. पोत्यांवर फार लिहिलेलं नसतं." मग मला तिथंच उभं केलं. सगळी शाळा माझ्यासमोरून वर्गात गेली. एकेक रांग.

त्या दिवसापासून माझे डोळे दुखायला लागले. वडिलांनी डॉक्टरकडे नेलं. डोळे उत्तम निघाले. पुढे खडकीच्या कारखान्यात चिकटलो. हाताचं काम चोख, म्हणून सुपरवायझर करायला निघाले होते. दोनदा नको म्हणालो. त्यात रिपोर्ट लिहावा लागतो. लोक म्हणाले, काय साधा माणूस! चाळिशीचा चष्मा लागला की इतरांना वाईट वाटतं, मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. आता निदान सबब खरी होती.

शाळेतून बाहेर पडलो. बसस्टॉपवर पोरीनं विचारलं, "बाबा, सही कशावर केली?"

बाकावर बसलो. कागदाची प्रत मांडीवर घेतली. एक ओळ ती, एक मी. अडखळत, मागे जात. दोन बस गेल्या. पाऊण पान झालं तेव्हा कळलं. मी स्वेच्छेनं मुलीला या शाळेतून काढतोय. दहावी तिनं बाहेरून द्यायची. 'स्वेच्छेने' हा शब्द तिनंच अक्षरं जुळवून लावला. मग कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

या शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक आहे. तो मला न वाचता कळतो.

परत वर ऑफिसात गेलो. बाईंसमोर उभा राहिलो.

"मॅडम, मला धड वाचता येत नाही."

पन्नाशीला आलो. हे वाक्य तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडलं. क्लार्कनं मान वर केली. या वेळी हसला नाही.

"हा कागद मला मोठ्यानं वाचून दाखवा."

बाईंनी वाचला. भरभर, एकदाही न अडखळता.

"मी स्वेच्छेनं काही केलेलं नाही. सही मागे घेतो."

"सही आपलीच आहे ना? अहो, हे तिच्या भल्यासाठीच आहे. आम्हाला या मुलांची पूर्ण जाणीव आहे."

जाणीव होतीच. बाईंच्या डोक्यामागे रंगीत पोस्टर होतं, 'प्रत्येक मूल खास आहे.' पहिल्या दिवशी पोरीनं ते मला एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं होतं. केवढी खूश होती.

"रद्द करायचं असेल तर उद्या लेखी अर्ज आणा," बाई म्हणाल्या. "सविस्तर. कारणांसह."

लेखी. सविस्तर. आमचे सर निदान तोंडावर बोलायचे.

अर्जानं काही होईल असं मला वाटत नाही. ठेवलं तरी पोरीला मागच्या बाकावर ठेवतील, परीक्षेला लेखनिक देताना नियम दाखवतील. हे सगळं मला दिसतंय, त्याला चष्मा लागत नाही. पण यापुढे कागद ऐकल्याशिवाय माझी सही नाही. आणि सोंग नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं. सुविचारापासून. ती मेथी निवडत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "वीस वर्षं मेनूकार्ड उलटसुलट न्याहाळता आणि शेवटी मसाला डोसाच मागवता."

तिनं जुडी बाजूला ठेवली, हात पुसले, पोरीकडून वही घेतली.

"अर्ज मी लिहिते. पण तिथं उभं राहून वाचायचा तुम्ही. चष्मा लावून, मोठ्यानं. संध्याकाळ झाली तरी चालेल. बसू देत त्यांना ऐकत."