सुखदेवचा उजवा हात

तलावाच्या पाळीवर म्हातारी माणसं बसली की किस्से गाळासारखे साचतात. आम्ही सिंदेवाहीकडचे ढिवर, मासे धरणारे. आमचे बरेच किस्से माझ्या धाकट्या भावाच्या, सुखदेवच्या, उजव्या हाताचे आहेत.

त्या हाताला शिंगी माशाचा काटा लागला. जखम भरली, दुखणं मात्र वर्षानुवर्षं राहिलं. पंख्याचा वारा लागला तरी तो कळवळायचा. जाळं फेकणं सुटलं. पाण्यात हात धरून बसायचा, तेव्हा हाताभोवती एकही मासा फिरकत नसे.

"त्याईले बी माहीत झालं," सुखदेव म्हणायचा.

*

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं, "शरीरात राखणदार असतात. चोर केव्हाच गेला, पण तुझे राखणदार घरच्यालाच मारतायत. दुसऱ्यांच्या रक्तातले राखणदार देऊन पाहू. गुण येईलच असं नाही."

"दुसऱ्यांच्या म्हणजे कोणाच्या जी?" सुखदेवच्या बायकोनं, शेवंतानं विचारलं.

"पुष्कळ लोकांच्या. एका बाटलीत सगळ्यांचं एकत्र येतं."

गावात आल्यावर आमचा मित्र बबन म्हणाला, "म्हंजे सुखदेवच्या अंगात आता ग्रामसभाच भरली."

*

दवाखान्यात बाटली चढत होती तेव्हा मी उशाशी होतो. दुपारची वेळ. बाकी खाटा रिकाम्या.

सुखदेव डोळे मिटूनच म्हणाला, "भाऊ, लोकं केव्हाची उभी हायेत. त्याईले बसाले सांग ना."

मी उठलो आणि माझं स्टूल भिंतीकडे सरकवून ठेवलं. दुसरं काय करणार?

*

आमच्यात देणाऱ्याला पहिला घास काढतात. घरी परतायच्या आधी शेवंतानं डॉक्टरांना विचारलं, "रक्त देणारे जिते हायेत का मेलेले?"

"काही असतील, काही नसतील," ते म्हणाले.

म्हणून तिनं संध्याकाळी अंगणात पळसाची दोन पानं वाढली. जित्यांचं पूर्वेला, मेलेल्यांचं दक्षिणेला. दोन्हीवर भात आणि माशाचं कालवण.

सकाळी पूर्वेचं पान जसंच्या तसं होतं. मुंगीसुद्धा नव्हती. दक्षिणेचं पान धुतल्यासारखं साफ.

"कुत्र्यानं खाल्लं असंल," बबन म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "पण एकच काऊन?"

*

हळूहळू हात निवला. एका सकाळी सुखदेव म्हणाला, "आज फेकून पाहतो." आम्ही सगळे पाळीवर गेलो. शेवंता टोपली घेऊन माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ हलत होते.

आमच्या गावात जाळ्याची एक कड दातात धरून फेकतात. बापानं तसंच शिकवलं, त्याच्या बापानंही. सुखदेवला दुसरं कधी येतच नव्हतं.

त्यानं कड दातात धरली नाही. जाळं कोपरावर घेतलं, खांद्यावर टाकलं, अंगाला एक गिरकी दिली. जाळं ताटासारखं गोल उघडून पाण्यावर बसलं. इतकं सुंदर फेकणं मी या तलावावर पाहिलं नव्हतं.

तो वळला. हात वर करून हसला. "दुखला नाई," म्हणाला.

शेवंतानं टोपली खाली ठेवली. परक्या माणसासमोर घेतात तसा पदर डोक्यावर ओढला आणि हळूच विचारलं,

"तुमी कोन्या गावचे जी?"