तारेवाली बराक

दुपारी कात्र्या-चिमटे उकळायला ठेवले होते, तेवढ्यात रूथचा धाकटा भाऊ दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. "ताई गेली," एवढंच म्हणाला. तिला काविळीनं धरलंय हे मला ठाऊक होतं, आठ दिवसांपूर्वी भेटूनही आले होते. पण ती बरी होऊन कामावर येणार, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की त्याला "कुठे गेली?" असं विचारून बसले... त्याला आता महिना होऊन गेला. नाताळ तोंडावर आलाय. माझ्या मैत्रिणीबद्दल आता नाही तर कधी लिहिणार?

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना विठ्ठलवाडीपलीकडच्या लष्करी बराकींत ठेवलं होतं. त्यातल्या एका बराकीत बाळंतिणींची सोय होती आणि ती आम्हा दोघींवर सोपवलेली. मी कल्याणची, घरच्यांशी भांडून नर्सिंग शिकलेली. रूथ साळवे नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातली, माझ्याहून थोडी मोठी, उंच, मोजकं बोलणारी. बराकी सगळ्या एकसारख्या, भिंतींवरचे आकडे पावसानं धुऊन गेलेले. अंधार पडला की आम्हालाच आमची बराक सापडायची नाही, तिथे नवख्या माणसांचं काय! एकदा तिन्हीसांजेला एक बाई आम्हाला शोधत शोधत भलत्याच बराकीमागे, उघड्यावर बाळंत झाली. आम्ही धावत पोचलो तोवर मूल गेलं होतं. रूथ त्या बाईचा हात धरून कितीतरी वेळ बसून राहिली. त्या दिवशी ती जेवलीही नाही.

त्याच डिसेंबरात तिला रजा मिळाली नाही. नाताळला घरी जाता येणार नव्हतं. "निदान तारा तरी लावू," ती म्हणाली. आमच्याकडे दिवाळीचा आकाशकंदील घरीच करायची पद्धत, त्यामुळे कामट्या बांधायचं काम माझ्याकडे आलं.

"अगं, दिवाळी होऊन गेली की!" मी चिडवलं.

"तुझी गेली. माझी यायचीय," ती हसून म्हणाली. ते हसू बऱ्याच दिवसांनी दिसलं होतं.

पतंगाचा तांबडा कागद, गव्हाच्या पिठाची खळ, आत कंदील... चांगला हातभर रुंद तारा झाला. उंच बांबूला बांधून आम्ही तो छपरावर चढवला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक माणूस बायकोला हातगाडीवर घालून थेट आमच्या दारात आला. कुणाला न विचारता, कुठे न चुकता. म्हणाला, "लोगों ने कहा, जहाँ तारा दिखे, वहाँ जाओ." त्याला मुलगी झाली, सुखरूप. रूथ हात पुसत बाहेर आली आणि वर बघत उभी राहिली. मग मला म्हणाली, "उद्यापासून कंदिलात तेल जास्त घालायचं."

त्यांच्या घरी जानेवारीत, तीन ज्ञानी राजांचा सण झाला की तारा उतरवत. त्याप्रमाणे रूथ शिडीवर चढली, तर एका सिंधी म्हातारीनं खालून शिडीच धरून ठेवली. "बेटी, मत उतारो. मेरी बहू का अभी बाकी है!" रूथ मुकाट्यानं खाली उतरली. तारा राहिला. पावसाळ्याआधी तिनं त्याला मेणकापड चढवलं.

मग एक दिवस छावणीचे साहेब पाहणीला आले. तारा पाहून म्हणाले, "नाताळ होऊन किती दिवस झाले? सरकारी इमारतीवर धर्माची खूण नको. आजच उतरवा."

रूथच्या पगारावर भावाचं शिक्षण चाललं होतं. पण ती शांतपणे म्हणाली, "साहेब, नाताळच्या गोष्टीतही मूल कुठे जन्मलंय ते लोकांना कळावं म्हणूनच तो तारा होता. मीही त्याला त्याच कामाला लावलंय. तुम्ही दुसरी खूण द्या, आत्ता उतरवते. पण खुणेवाचून एकही संध्याकाळ जाऊ देणार नाही. इथे एक मूल गेलंय."

"आणि मी वर कळवलं तर?"

"कळवा. रूथ साळवे. नाव माझं एकटीचं लिहा, हिचं नको."

खाटांवरच्या बाया उठून बसल्या होत्या. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा छपराकडे. "पाटी करून घेतो," पुटपुटले आणि निघून गेले. त्या वेळी मी तिच्या शेजारी उभी होते, एवढ्यावरही माझी मान आजतागायत ताठ आहे.

पाटी यथावकाश आली, पुढे वीजही आली. तारा मात्र कुणी उतरवू दिला नाही. दर नाताळला त्याला नवा कागद लागे, आणि बाळंत होऊन गेलेल्या बाया मुलांना कडेवर घेऊन खळ लावायला येत. एकीनं त्याच्या टोकांना आपल्या भरतकामातले आरसे जडवले. पाटीवर काहीही असो, टांगेवाल्यांच्या तोंडी आमची ती "तारेवाली बराक"च.

परवा ठाकुर्लीला तिच्या खोलीवर गेले होते. तिच्या भावजयीनं खोली स्वच्छ ठेवलीय. खाटेखाली रूथच्या चपला होत्या, दाराकडे तोंड करून. निजण्याआधी ती त्या तशा वळवून ठेवायची, बोलावणं आलं की अंधारात चाचपडायला नको म्हणून. मी बघतेय हे भावजयीच्या लक्षात आलं.

"केर काढताना उचलते," ती म्हणाली, "पण परत तशाच ठेवते. दुसऱ्या बाजूला वळवायला हात होत नाही हो... ताईंना कुणाची हाक आली तर?"