माझ्याच पेशी, पण तपासल्याशिवाय नाही

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मल्टिपल मायलोमा आहे. हाडांच्या मगजात रक्त तयार होतं ना, तिथला कॅन्सर."

मी पिशोरला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. पाठ दुखायची, ती म्हशींशी झटून दुखते असं धरून चाललो होतो. सलग दुष्काळाची वर्षं, दिवसदिवस चारा छावणीत उभं राहायचं, त्यात थकवा आला तर नवल काय? रक्त फार कमी निघालं तेव्हा कुठं औरंगाबाद गाठलं.

पहिले काही महिने केमोथेरपीची इंजेक्शनं झाली. शेंद्र्याच्या कारखान्यात असलेल्या मेहुण्याकडं आम्ही नवराबायको राहिलो. खिडकीतून नव्या इमारती उठताना दिसायच्या आणि त्यांच्या पायथ्याशी टँकरची वाट बघणारे रिकामे ड्रम.

मग बाईंनी पुढचं सांगितलं, "आता ऑटोलॉगस ट्रान्सप्लांट. रक्त बनवणाऱ्या तुमच्याच मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, काढून गोठवायच्या. मग जबर औषध देऊन मगज रिकामा करायचा आणि त्या पेशी परत सोडायच्या."

"गोठवायच्या कशात?"

"लिक्विड नायट्रोजनमध्ये."

मी ताठ बसलो. वळूचं वीर्य आम्ही त्यातच ठेवतो. कॅन मोटारसायकलला बांधून मी गावोगाव हिंडलोय. माझी बायको सुमन घाबरली. "जनावरावाणी करतेत का काय तुमचं?" बाई हसल्या. मला मात्र त्या दिवसापासून आजारापेक्षा पेशी गोठवायच्या त्या पिशवीचीच जास्त उत्सुकता लागली.

पेशी रक्तात उतराव्यात म्हणून रोज इंजेक्शनं दिली. हाडं ठणकली. मग ॲफेरेसिस झालं. रक्त मशीनमध्ये जातं, हव्या त्या पेशी गाळून घेतात आणि बाकीचं परत अंगात येतं. ओठांना मुंग्या आल्या, तर कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. एवढंच.

काही दिवसांनी, पेशी तपासून गोठवून ठेवतात त्या पेढीचे डॉक्टर स्वतः आले. खुर्ची ओढून बसले.

"पिशवीच्या नमुन्यात जंतू वाढलेत. ती पिशवी आम्ही वापरणार नाही. पुन्हा पेशी काढाव्या लागतील."

"माझंच रक्त हाय ना, मलाच द्यायचं. मग बिघडतं काय?"

"औषधानंतर तुमच्या अंगात लढायला पांढऱ्या पेशीच उरणार नाहीत. तेव्हा एवढेसे जंतूही जिवावर उठतील."

"आले कुठून ते?"

"बहुधा कातडीवरून. खात्रीनं सांगता येत नाही, शोधतोय."

"आन् दुसऱ्यांदा पेशी पुरेशा निघतील?"

"तीही खात्री नाही."

सुमन बाहेर जाऊन रडली. मला राग आला होता, पण माणूस खोटं बोलत नव्हता. मी म्हणालो, "मला ती खोली दाखवा."

आत सोडलं नाही, काचेतून दाखवलं. तपासणी पुरी न झालेल्या पिशव्यांची टाकी वेगळी. गारवा कमी झाला तर भोंगा वाजतो. पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटू नयेत म्हणून डीएमएसओ नावाचं द्रव घालून सावकाश गोठवतात. प्रत्येक पिशवीबरोबर एक छोटी नळीही गोठवतात. ती आधी वितळवून किती पेशी जिवंत आहेत ते बघतात. मी विचारत गेलो, ते सांगत गेले.

दुसऱ्या खेपेला पेशी पुरल्या. नमुनाही स्वच्छ निघाला.

जबर औषध झाल्यावर पिशवी चढवायचा दिवस आला. दोन नर्सनी पिशवीवरचं आणि माझ्या मनगटावरचं नाव, नंबर मोठ्यानं वाचलं. मग माझं नाव मलाच विचारलं. सुमन म्हणाली, "लग्नात बी एवढी चौकशी केली नव्हती यांची." पेशी अंगात शिरल्या आणि खोलीभर लसणाचा वास सुटला. तो त्या डीएमएसओचा असतो, कुणी घाबरू नये.

पुढं तोंड सोललं, ताप आला, पाणी गिळवेना. वाट बघणं हेच काम उरलं. एका सकाळी बाई दारातूनच म्हणाल्या, "पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या."

आजार गेला असं त्या म्हणत नाहीत, दबलाय म्हणतात. मला तेवढं पुष्कळ आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर विचारा, पेशी कुठं ठेवता, काय तपासता, काही खोट निघाली तर सांगता का. ती पहिली पिशवी कुणी मुकाट्यानं चालवून घेतली असती, तर आम्हाला कळलंही नसतं.

परवा तपासणीला गेलो तेव्हा ते पेढीचे डॉक्टर व्हरांड्यात भेटले. मी त्यांचे हात धरायला पुढं झालो. त्यांनी झटकन हात मागं घेतले आणि भिंतीवरच्या सॅनिटायझरकडं बोट केलं.

"आधी ते."

मी हात चोळले. मग त्यांनीच माझे हात धरले.