दवाखान्यातले शब्द

वडिलांच्या ऑपरेशनसाठी मी आठ दिवस मलकापूरच्या एका दवाखान्यात होतो. आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी जत तालुक्यातली एक बाई बसायची. तिचा नवरा आत होता. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनंही माझं विचारलं नाही. सकाळी उठली की ती घोंगड्याची नीट घडी घालायची आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत दाराशी उभी राहायची.

तरुण डॉक्टर रोज म्हणायचे, "बेसिकली, पेशंट स्टेबल आहे." मला त्या 'बेसिकली'चा राग यायचा. ती मात्र मान डोलवायची आणि ते गेले की मला विचारायची, "स्टेबल म्हंजी काय वं, दादा?"

"काल होते तसेच आहेत."

"मग तसं म्हणायला काय हुतंय?"

माझा राग कानापुरता होता. तिला मात्र आपला नवरा कसा आहे तेच कळत नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी डॉक्टर आले आणि खाली बघत म्हणाले, "सॉरी, पेशंट एक्सपायर झाला."

या शब्दाचा अर्थ तिनं मला विचारला नाही.

"गोळ्या एक्सपायर हुत्यात, डॉक्टर," ती शांतपणे म्हणाली. "त्यांच्या पाकिटावर तारीख असती. माझा माणूस वारला म्हणा."

डॉक्टर गोंधळले. मग तिच्याशेजारी बाकावर टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, काका वारले."

तेव्हा कुठं ती रडली. डॉक्टर उठले नाहीत. तिचं रडणं ओसरेपर्यंत तिथंच बसून राहिले.