ओलाउगने नाव बदललं नाही

ओलाउग हाउक्नेसने तीस वर्षं किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात बसून बोटींशी बोलायचं काम केलं. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून तिने आपलं आपण शिकून एक वेबसाइट काढली. बंदराच्या तोंडाशी वारा किती, लाटा किती, एवढंच त्यावर असे. रोज सकाळी धक्क्यावर जाऊन, डोळ्यांनी बघून मगच ती लिही. उत्तर नॉर्वेच्या त्या टापूतले मच्छीमार सरकारी अंदाज वाचायचे, पण बोट सोडायचे ती ओलाउगचं पान बघून.

ऐन कॉड माशांच्या हंगामात त्या पानावर लाल पाटी झळकायला लागली : ही वेबसाइट धोकादायक आहे. गावातल्या बहुतेकांकडे एकाच कंपनीचा अँटिव्हायरस होता, आणि तो पान उघडूच देईना.

दुकानात एइलिफ भेटला. त्याची बोट गावात सगळ्यांत मोठी.

"तुझ्या पानाला कीड लागलीय म्हणे, ओलाउग. बायको म्हणते, बँकेचा पासवर्ड जाईल."

"वारा आणि लाटा सोडून त्यावर काही नाही."

"मला माहीत आहे गं. कंप्युटरला कोण सांगणार? दुसऱ्या नावाने नवं पान काढ. तासाभराचं काम."

"मी काय चोरी केलीय, नाव बदलायला?"

तिला ते फार लागलं. तीस वर्षांत तिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. दोन दिवस तिने पानाची ओळन् ओळ तपासली. खोट सापडली नाही. कंपनीला लिहिलं, तर 'तक्रार मिळाली' एवढंच छापील उत्तर. तोवर ती वाऱ्याची नोंद बोटींना वायरलेसवर वाचून दाखवत राहिली.

मग तिला उलगडा झाला. तिचं पान ज्या भाड्याच्या सर्व्हरवर होतं, त्यावर आणखी अडतीस जणांची पानं होती. त्यातलं एक बनावट दुकान निघालं होतं. एका घरात चोर सापडला म्हणून कंपनीने अख्ख्या गल्लीला कुलूप ठोकलं होतं.

ओलाउगने उरलेल्या सदतीस जणांना फोन लावले. कुणी चर्चमधलं गायकमंडळ, कुणी कुत्री पाळणारा, एक बालवाडी. बऱ्याच जणांना आपल्यावर लाल पाटी आहे याचा पत्ताच नव्हता. एकतीस जणांच्या सह्या घेऊन तिने सगळे पुरावे पाठवले.

नवव्या दिवशी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. "चूक आमची होती. तुम्हा सगळ्यांची पानं मोकळी केलीत."

"फोनवर नको. लिहून द्या. आणि बालवाडीला वेगळं पत्र."

मोकळ्या झालेल्या सगळ्या पानांच्या नावांसकट पत्र आलं. तिने ते दुकानातल्या फळ्यावर टाचलं. एइलिफने टोपी काढून ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"माझं ऐकलं असतंस, तर ती बालवाडी अजून अडकलेली असती," तो म्हणाला.

"म्हणून तर ऐकलं नाही," ओलाउग म्हणाली आणि पाव घेऊन ताठ मानेने बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तिने पानावर लिहिलं : वारा नैऋत्येचा, जोराचा, दहापर्यंत थांबा. सतरा बोटी दहा वाजेपर्यंत बंदरात थांबल्या.